अर्जनवीस आणि परकायाप्रवेश : एका यंत्रणेचे खेळ दुसऱ्या यंत्रणेवर

आजचा विषय संगणकावरच्या खेळांचा असला तरी सुरुवात आपण परभणी जिल्ह्यातल्या जमिनीच्या जुन्या कागदांपासून करू. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू, आणि ज्याला फेरफार करून हवा तो शेतकरी बोलणार मराठी. मग कचेरीबाहेर झाडाखाली किंवा ओसरीत अर्जनवीस बसलेला असायचा. शेतकऱ्याने आपलं गाऱ्हाणं मराठीत सांगायचं, अर्जनवीसाने ते कचेरीच्या भाषेत, कचेरीच्या रिवाजाने, योग्य त्या मायन्यासह उतरवायचं. आतून हुकूम आला की तो पुन्हा मराठीत समजावून द्यायचा. शेतकऱ्याला उर्दू शिकावी लागत नव्हती, साहेबालाही आपली भाषा बदलावी लागत नव्हती. हा माणूस डोळ्यांसमोर ठेवा. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

संगणकावरचा कोणताही खेळ हा असाच एक अर्जदार असतो. त्याला स्वतःला फारसं काही करता येत नाही. तो सतत मागण्या करतो : ही फाईल उघडून द्या, पडद्यावर एवढी जागा द्या, हा आवाज काढा, कोणती कळ दाबली ते सांगा. या मागण्या ऐकणारी कचेरी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज ही एक कचेरी, लिनक्स दुसरी, मॅक तिसरी, मोबाईलवरचं अँड्रॉइड चौथी. प्रत्येकीचा अर्जाचा नमुना वेगळा. म्हणून विंडोजसाठी लिहिलेला खेळ लिनक्सवर आपोआप चालत नाही. यंत्र तेच असतं, प्रोसेसर तोच असतो, फक्त अर्ज वाचला जात नाही.

ही अडचण खेळांनी निर्माण केली नाही, धंद्याने केली. ७ एप्रिल १९६४ रोजी आय.बी.एम.ने सिस्टिम/३६० ही नवी संगणकमाला जाहीर केली. गिऱ्हाइकांपुढे पेच असा की, त्यांचे सगळे प्रोग्रॅम जुन्या १४०१ सारख्या यंत्रांसाठी लिहिलेले होते. ते काय फेकून द्यायचे? तेव्हा कंपनीने नव्या यंत्रातच अशी सोय केली की ते जुन्या यंत्रासारखं वागू शकेल. ‘एम्युलेटर’ हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो याच खटाटोपातून. तत्त्व मात्र त्याहून जुनं आहे. ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ च्या निबंधात दाखवून दिलं होतं की, दुसऱ्या कोणत्याही गणनयंत्राचं वर्णन वाचून त्याप्रमाणे वागू शकेल असं एक सार्वत्रिक यंत्र कल्पिता येतं. आमच्या मते विसाव्या शतकातल्या तत्त्वज्ञानाला मिळालेल्या मोठ्या देणग्यांपैकी ही एक आहे. आणि ती आमच्या खात्यातून आली नाही, गणिताच्या खात्यातून आली, हे मान्य करायला हरकत नाही.

आता एम्युलेटर आणि अर्जनवीस यांतला फरक नीट बघा. अर्जनवीस फक्त मागणीची भाषा बदलतो. एम्युलेटर सगळं जुनं यंत्रच नव्या यंत्राच्या आत, आकड्यांच्या रूपाने, पुन्हा उभं करतो. ५ फेब्रुवारी १९९७ रोजी इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. नाणं टाकून खेळायच्या ज्या उभ्या पेट्या असत, त्यांच्या आतल्या सर्किटांचं वागणं संगणकावर जसंच्या तसं उतरवायचं, हे त्याचं काम. पेट्या गंजतात, चिप जळतात, खेळ तरी राहावा, अशी त्यामागची तळमळ.

इथे आम्हाला आपल्या मातीतली गोष्ट आठवते. महानुभाव परंपरा सांगते की, द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी आपला देह सोडला आणि भडोचच्या प्रधानाच्या मृत मुलाच्या, हरिपाळाच्या, देहात प्रवेश केला. तेच पुढे चक्रधरस्वामी म्हणून मराठी मुलखात आले. घरच्यांच्या लेखी हरिपाळच उठून बसला. पंथाच्या लेखी चांगदेव राऊळच नव्या देहात आले. आता प्रश्न असा : नव्या देहात जो आहे, तो ‘तोच’ कशावरून? एम्युलेटर लिहिणाऱ्यांपुढे हा प्रश्न शब्दशः उभा राहतो, आणि त्याचं उत्तर त्यांना प्रोग्रॅम लिहून द्यावं लागतं.

उदाहरण घ्या वेगाचं. १९८० च्या दशकातले पीसीवरचे कित्येक खेळ प्रोसेसरच्या वेगाशीच बांधलेले होते. यंत्र जलद झालं की खेळातला माणूस वाऱ्यासारखा पळायचा आणि खेळ संपून जायचा. तुमच्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्यांना जुन्या संगणकाच्या डब्यावरचं ‘टर्बो’ नावाचं बटण आठवत असेल. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग यंत्र मंद करण्यासाठी होता. २००२ पासून मिळू लागलेला ‘डॉसबॉक्स’ हेच काम करतो, नव्या यंत्राच्या आत एक मुद्दाम हळू चालणारं यंत्र बसवतो. म्हणजे त्या खेळाच्या ओळखीत जुन्या यंत्राचा मंदपणाही मोजावा लागतो. उणीव म्हणून जी गोष्ट टाकून द्यावी असं वाटतं, तिच्यावाचून वस्तू ती वस्तू राहत नाही.

अर्जनवीसाकडे परत येऊ. लिनक्स १९९१ मध्ये जन्माला आलं, आणि दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्याचा ‘वाईन’ हा प्रकल्प सुरू झाला. पहिला सूत्रधार बॉब ॲमस्टॅड. १९९४ पासून ही धुरा अलेक्झांडर ज्युलियार्ड यांच्याकडे आहे. नावाची फोड ‘वाईन इज नॉट ॲन एम्युलेटर’ अशी केली जाते, म्हणजे आम्ही यंत्र उभं करत नाही, मागण्यांचा तर्जुमा करतो. प्रोग्रॅम म्हणतो ‘खिडकी उघडा’, वाईन लिनक्सला त्याच्या रीतीने सांगतं, खिडकी उघडते, प्रोग्रॅम समाधानाने पुढे जातो. आपण परक्या कचेरीत आहोत हे त्याला कळतही नाही.

ऐकायला सोपं आहे. पण पहिली पूर्ण आवृत्ती, १.०, यायला जून २००८ उजाडला. पंधरा वर्षं! एवढा वेळ का लागावा? कारण विंडोजचा मूळ कोड मायक्रोसॉफ्टच्या तिजोरीत. तो न पाहता, फक्त विंडोज कशी वागते हे बघून बघून, तीच वागणूक नव्याने लिहायची. शिवाय लेखी नियम एक आणि प्रत्यक्ष रिवाज दुसरा, हे प्रत्येक कचेरीत असतंच. ‘सिमसिटी’ची हकीकत प्रसिद्ध आहे. हा खेळ परत केलेली मेमरी पुन्हा वापरत असे. नियमाने ही चूक, पण जुन्या विंडोजवर ती खपून जायची. विंडोज ९५ करताना मायक्रोसॉफ्टच्याच लोकांनी त्यात खास तरतूद घातली : सिमसिटी चालू आहे असं दिसलं तर त्याच्यापुरता मेमरीचा नियम शिथिल करायचा. खुद्द कचेरीच जिथे एका अर्जदारासाठी असे अपवाद सांभाळते, तिथे बाहेरच्या अर्जनवीसाला किती अपवाद तोंडपाठ करावे लागत असतील!

मग हे कायद्याने चालतं का? अमेरिकेत कनेक्टिक्स कंपनीने १९९९ मध्ये प्लेस्टेशनचे खेळ मॅकिंटॉशवर चालवणारा प्रोग्रॅम बाजारात आणला. सोनीने खटला भरला. फेब्रुवारी २००० मध्ये अपील न्यायालयाने निकाल कनेक्टिक्सच्या बाजूने दिला : यंत्र कसं चालतं हे समजून घेण्यापुरती केलेली नक्कल रास्त आहे. पुढच्या वर्षी सोनीने तो प्रोग्रॅमच विकत घेतला आणि बंद करून टाकला. न्यायालयात हरलेली बाजू बाजारात कशी जिंकते, याचा हा नमुना. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये सवलती आल्या. एक प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर कायदेशीर ताबा असलेला माणूस ती मिळवण्यासाठी आवश्यक ते करू शकतो, तसंच प्रोग्रॅमचं निरीक्षण, अभ्यास, चाचणीही करू शकतो. हे कलम आमच्या अनुभवात संगणक शिकवणाऱ्यांनाही फारसं माहीत नसतं.

याचं एक कारण आपल्या शिकवण्यात आहे. महाराष्ट्रात लाखो लोकांची संगणकाशी पहिली भेट एमएस-सीआयटीच्या वर्गात झाली, आणि तिथला संगणक म्हणजे विंडोज. त्या वर्गांनी केलेलं काम मोठं आहे, ते आम्ही कमी लेखत नाही. पण यंत्र आणि कचेरी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्या शिक्षणात पुसट झाला. २००७ मध्ये सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय ऑपरेटिंग सिस्टिम आणली. पत्रं लिहिता येत होती, हिशेब करता येत होते. पण घरातला पोरगा विचारणार, ‘याच्यावर गेम चालते का?’ उत्तर नकारार्थी आलं की तो संगणक पुन्हा विंडोजवर जायचा. मोठ्यांना ते पोरकट वाटलं. आम्हाला वाटतं तो प्रश्न बरोबर होता, कारण यंत्राकडून सर्वांत जास्त मागण्या खेळच करतो.

ही कोंडी फुटली तीही एका खेळाच्या ओढीने. फिलिप रेबोले या तरुणाला ‘निअर : ऑटोमेटा’ लिनक्सवर खेळायचा होता. त्याने विंडोजची चित्रं काढण्याची भाषा ‘व्हल्कन’ या खुल्या भाषेत उतरवणारा ‘डीएक्सव्हीके’ लिहिला. वाईन आणि हे भाषांतर एकत्र करून व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ दिलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र विकायला काढलं. आत लिनक्स, खेळ विंडोजचे. खेळणाऱ्यांपैकी अनेकांना मधल्या अर्जनवीसाचा पत्ताही नसतो.

उलट्या दिशेची वाटही आहे, आणि ती आपल्या गावांत जास्त परिचयाची. रोझेन शर्मा, जय वैष्णव आणि सुमन सराफ यांनी २००९ मध्ये स्थापन केलेल्या ब्लूस्टॅक्सने मोबाईलचे खेळ विंडोजच्या संगणकावर आणले. २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात बंदी येईपर्यंत ‘पबजी मोबाईल’ अनेक मुलं अशा एम्युलेटरवरच खेळत होती. पण माऊस-कीबोर्डवाल्याचा नेम अंगठ्याने खेळणाऱ्यापेक्षा सरस. तेव्हा तो खेळ एम्युलेटरवरच्या खेळाडूंना ओळखून त्यांची गाठ शक्यतो तशाच खेळाडूंशी घालू लागला.

इथे मंडळी, इतिहासाने वळण घेतलं आहे. आतापर्यंतची सगळी कला एका गोष्टीवर उभी होती : आपण कुठे चालतो आहोत हे खेळाला कळू नये. आता खेळच विचारतो, ‘हे घर कोणाचं?’ फसवेगिरी रोखण्यासाठी ऑनलाइन खेळांसोबत पहारेकरी प्रोग्रॅम येतात आणि काही तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत जाऊन बसतात. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘फोर्टनाइट’ याच कारणाने लिनक्सवर चालत नाहीत. ‘एपेक्स लेजंड्स’ तर लिनक्सवर चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच्या कंपनीने, फसवणारे लिनक्सचा आडोसा घेतात असं सांगून, तो दरवाजा बंद केला. तर्जुम्यात काहीही उणं नव्हतं. अर्ज बिनचूक होता, अर्जनवीसावरच विश्वास राहिला नाही. त्यात प्रामाणिकपणे खेळणारेही बाहेर पडले, आणि हे आम्हाला अन्यायाचं वाटतं, कंपनीची अडचण खरी असली तरी.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. टीपीएम २.० ची चिप नसलेल्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ नियमाने बसत नाही. असे संगणक जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरीच्या घरांत आणि शाळांत असतीलच. त्यांवर लिनक्स टाकता येतं, फुकट. ज्याला एकट्याने खेळायचं आहे त्याचे जुने खेळ वाईनवर, डॉसबॉक्सवर बहुधा चालतील, काही तर आताच्या विंडोजपेक्षाही बरे. ज्याला मित्रांबरोबर ‘व्हॅलोरंट’ खेळायचा आहे, त्याला मात्र आज तरी लिनक्सवर तो खेळता येणार नाही.