नहर, हौद आणि नळ : कारागिरांनी एकमेकांशी कसं बोलावं?

या मालेत आपण बहुतेक वेळा राजे, ग्रंथ, विचारपंथ यांच्याविषयी बोलतो. आज मला नळकाम करणाऱ्या माणसांविषयी बोलायचं आहे. नेमका प्रश्न असा, की नळकारागीर आपल्या जोडीदाराशी, आणि गवंडी, फरशीवाला, वायरमन अशा दुसऱ्या कामाच्या माणसांशी कसा बोलतो, आणि कसा बोलला तर काम टिकतं? तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने यात का पडावं, असं कुणी विचारेल. माझं उत्तर सोपं आहे. हा प्रश्न आपल्या छत्रपती संभाजीनगरात चारशे वर्षं जुना आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच पायाखाली आहे.

मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली, हे आपल्याला माहीत आहे. जन्माने हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला हा माणूस. त्याने गाव वसवायला घेतलं, पण खाम नदीच्या भरवशावर शहर जगणार नव्हतं. वरून काळा कातळ, पावसाळा संपला की नदी आटलेली. मग उत्तरेकडून, हर्सूल-सावंगीच्या बाजूने, जमिनीच्या पोटातलं पाणी गोळा करून ते भुयारी मार्गाने गावात आणायचं ठरलं. हीच नहर-ए-अंबरी. १६१७ च्या सुमाराचं हे काम. यात पंप नाही, इंजिन नाही. पाणी फक्त उतारावर चालतं. गावाजवळ ते मातीच्या भाजलेल्या नळांतून हौदांपर्यंत पोचतं.

आता जरा मोजून बघा, या एका कामात किती हात आले. विहिरी आणि बोगदे खणणारे. दगड बसवणारे गवंडी. चुना मळणारे. खापरी नळ भाजणारे कुंभार. ते नळ सांध्यात बसवून चुन्याने बंद करणारे. कुंभाराने नळाचं तोंड बोटभर लहान केलं, तर पुढचा नळ त्यात बसत नाही. खणणाऱ्याने उतार वीतभर चुकवला, तर कुंभाराचे चांगले नळही कोरडेच राहतात. म्हणजे प्रत्येकाचं काम दुसऱ्याच्या मापावर उभं आहे. आणि गंमत अशी, की झालेलं काम कुणालाच दिसत नाही. भिंत वाकडी झाली तर रस्त्यावरचा माणूसही सांगतो. जमिनीखालचा उतार वाकडा झाला, तर पाणी यायचं थांबल्यावरच कळतं.

म्हणूनच अशा भुयारी मार्गावर ठरावीक अंतराने उभे झरोके ठेवलेले असतात. त्यांतून हवा आणि उजेड आत जातो, गाळ काढायला माणूस उतरतो, खोली मोजता येते. पुण्यात कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळात पाणी आणलं गेलं, त्या वाटेवरच्या अशा बांधकामाला ‘उच्छ्वास’ म्हणतात. किती नेमका शब्द! पाणी तिथे श्वास सोडतं. पण मला त्यात आणखी एक अर्थ दिसतो. उच्छ्वास हा निरोपही आहे. आजच्या कारागिराने पन्नास वर्षांनी येणाऱ्या कारागिराला सांगून ठेवलंय, ‘बाबा रे, नळ इथून जातो, उतरायचं तर इथून उतर.’ समोर नसलेल्या माणसाशी बोलायची ती रीत आहे.

ही रीत एका दरबाराची नव्हती. तापीकाठी बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा आहे, विहिरींची रांग जमिनीखालून जोडलेली. ते काम मुघल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळातलं, म्हणजे जवळपास त्याच दशकातलं. हा खानखानान मलिक अंबरशी लढणारा! मूळ पद्धत इराणातल्या भुयारी कालव्यांची. दोन शत्रूंच्या दोन शहरांत पाण्याच्या कामाची भाषा मात्र एकच. सैन्यं भांडत होती, तरी उताराचं गणित या बाजूलाही तेच होतं आणि त्या बाजूलाही.

आता पाणचक्कीकडे या. तुम्ही सगळे तिथे गेला असाल. डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी येतं, उंच बांधलेल्या स्तंभात स्वतःच्या दाबाने चढतं, खाली पडतं, आणि त्याच जोरावर पूर्वी जातं फिरायचं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी त्यावर पीठ दळलं जाई. पण पर्यटक हौदातले मासे बघून परत फिरतात आणि खरी करामत बघायची राहते. त्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे. वर पाणी, खाली माणसं बसलेली, तीही उन्हाळ्यात गारव्याला. आता विचार करा, इथे गवंड्याचं काम कुठे संपलं आणि पाणीवाल्याचं कुठे सुरू झालं? खांबांवर किती भार येणार हे पाणीवाल्याने सांगायला हवं. गिलावा कधी वाळला, पाणी कधी सोडायचं, हे चुनेवाल्याने सांगायला हवं. कुणी एकानेही ‘माझं झालं, मी निघालो’ म्हटलं असतं, तर खाली बसलेल्यांच्या डोक्यावर हौद टपकला असता. आज वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर आणि खालच्याची झोपायची खोली यांचं नातं याहून वेगळं आहे का?

इथे मला विट्गेन्स्टाइन आठवतो. त्याचं ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ १९५३ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. त्याच्या सुरुवातीलाच एक बांधकाम आहे. एक गवंडी आणि एक मदतनीस. त्यांची भाषा चारच शब्दांची, ठोकळा, खांब, लादी, तुळई. गवंडी शब्द उच्चारतो, मदतनीस ती वस्तू आणून देतो. विट्गेन्स्टाइन स्वतः इंजिनीअरिंग शिकलेला होता. व्हिएन्नात बहिणीच्या घराच्या कामात त्याने रेडिएटरपासून दारांच्या मुठींपर्यंत सगळं स्वतः आखलं होतं. म्हणजे कामाची जागा त्याला ठाऊक होती. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो, हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्या चित्रात दोन गोष्टी नाहीत. मदतनीस उलट विचारत नाही, आणि दुसऱ्या कामाचा माणूस तिथे नाहीच. दगड दोघांना दिसतो, म्हणून चार शब्दांत भागतं. भिंतीत गाडलेला नळ दिसत नाही. तिथे उलट विचारल्याशिवाय भाषा पुरी होत नाही, असं मला वाटतं.

आजच्या बांधकामावर ही भाषा कशी दिसते? गवंड्याकडे ओळंबा असतो आणि पाणसळ असते. पाणसळ हा आपला जुना शब्द, त्यात पाणी आधीच आहे. आणि इंग्रजीत ओळंब्याला आणि नळकामाला जो शब्द आहे, तो एकाच लॅटिन शब्दावरून आला, ‘प्लंबम’, म्हणजे शिसं. रोमन लोकांचे नळ शिशाचे, ओळंब्याचं वजनही शिशाचं. म्हणजे भाषेच्या हिशेबाने गवंडी आणि प्लंबर भाऊ-भाऊ!

कामावर त्यांना बांधून ठेवणारी खरी गोष्ट म्हणजे पारदर्शक लेव्हल पाइप. दोन टोकांना दोन माणसं. एक म्हणतो, ‘आलं का?’ दुसरा म्हणतो, ‘थोडं खाली घे... थांब, आलं.’ पाणी स्थिर झालं की दोघे खूण करतात. मग सगळ्या भिंतींवर फरशीपासून एक मीटर उंचीची रेघ मारली जाते. प्लंबर नळाची उंची त्या रेघेवरून घेतो, वायरमन स्विचची पेटी, फरशीवाला टाइलचा थर. ती रेघ म्हणजे सगळ्या कामांची सामाईक भाषा. ‘जरा वर घे’ या वाक्याला अर्थ नाही, कारण माझं ‘जरा’ वेगळं आणि तुमचं वेगळं. ‘रेघेच्या खाली दोनशे मिलिमीटर’ हे मात्र मराठी माणसाला आणि ओडिया माणसाला सारखंच कळतं.

ओडिया मी उगाच म्हणत नाही. देशभरातल्या नळकारागिरांत ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातली माणसं मोठ्या संख्येने आहेत. आपल्याकडे एकाच मजल्यावर मराठी, दखनी आणि उत्तरेकडची हिंदी चालते. कुणी ‘मिस्त्री’ म्हणतं, कुणी ‘उस्ताद’, कुणी ‘भाऊ’. हाक कोणतीही चालेल, माप एक हवं.

भिंतीत गाडायच्या डायव्हर्टरचंच बघा. त्याची खोली प्लंबर झिरी मारतानाच ठरवतो. पण त्यावर पंधरा-वीस मिलिमीटर प्लास्टर येणार, चिकटवायचा थर येणार, मग आठ-दहा मिलिमीटरची टाइल. घरमालकाने नंतर जाड टाइल निवडली आणि ते प्लंबरला कुणी सांगितलंच नाही, तर दांडा आत राहतो. मग नवी टाइल फोडायची. पैसे कुणाचे? तीन माणसं एकमेकांकडे बोट दाखवतात. चूक कुणाच्या हाताची नसते, न विचारलेल्या प्रश्नाची असते.

जुन्या लोकांनी यासाठी तोंडी नियमही केले. सांडपाण्याचा चार इंची नळ असेल तर उतार चाळीसास एक, सहा इंची असेल तर साठास एक. इंचाला दहाने गुणा, झालं. कागद नसला तरी हेल्परलाही पाठ होतो.

पण हेल्पर बोलेल का? खरी अडचण इथे आहे. आपल्याकडे कामाला प्रतिष्ठेच्या पायऱ्या आहेत, आणि त्यांच्या मागे जातीचा इतिहास आहे. सांडपाण्याला हात लावणाऱ्याला सगळ्यात शेवटी विचारतात. सांधा नीट चिकटलेला नाही, हे अनेकदा सगळ्यात लहान पोराने पाहिलेलं असतं. त्याला ‘तू गप, काम कर’ सांगितलं, की गळती तिथेच पक्की झाली. आयटीआयमध्ये नळकारागीर या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात संवाद वगैरे गोष्टी वेगळ्या विषयात शिकवतात. चांगलंच आहे. पण माझं म्हणणं असं, की बोलणं हे नळकामाच्या बाहेरचं कौशल्य नाही. पाना फिरवणं जितकं त्या कामात आहे, तितकंच प्लास्टरआधी नळ दाबाने तपासून गवंड्याला ‘आता बंद कर’ म्हणणंही त्याच कामात आहे.

शहराचंही तेच. १९७६ साली जायकवाडी पूर्ण झालं. पैठणहून पन्नासेक किलोमीटर पाणी चढावर ढकलत आणायचं, आधी ७०० मिलिमीटरच्या आणि नंतर १४०० मिलिमीटरच्या नळातून, आणि आता २५०० मिलिमीटरची नवी वाहिनी. व्यास वाढत गेला. पण रस्ता करणारा, केबल टाकणारा आणि नळ टाकणारा एकमेकांशी बोलले नाहीत, तर एवढ्या मोठ्या नळाचा उपयोग काय? नहरींचे कितीतरी भाग इमारतींच्या पायांनी आणि खोदकामांनी तुटले. उच्छ्वास निरोप देत उभे होते. नव्या माणसाला ती लिपीच वाचता येत नव्हती, किंवा वाचायची नव्हती. ज्या घरात काही दिवसांआड पाणी येतं, तिथल्या बाईला या न बोलण्याची किंमत हंड्यांत मोजावी लागते.

तेव्हा घरी नळाचं काम निघालं तर एवढं करा. गवंडी, प्लंबर आणि फरशीवाला यांना एकदा एकत्र चहाला बसवा. हेल्परलाही खुर्ची द्या आणि त्याला काय दिसलं ते विचारा. भिंत बंद होण्याआधी टेप लावून नळांचे फोटो काढा, आणि ते घराच्या कागदपत्रांत ठेवा. तो तुमच्या घराचा उच्छ्वास. पुढे कधीतरी भिंतीत ड्रिल घेऊन कुणीतरी येईल, त्याच्यासाठी.

प्रश्न असतील तर घेऊ या.