मराठी बोलणारा वेताळ

यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावी आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांच्या स्मरणरंजनात 'वेताळ' हमखास असतो. अमेरिकी लेखक ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला 'फँटम' तो हाच. टाइम्स समूहाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'चा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये याच नायकावर निघाला. मराठी आवृत्तीत त्याला वेताळ हे नाव मिळाले. कोकण-गोव्यात ग्रामदैवत असलेला आणि विक्रमाच्या कथांमधून परिचित असलेला हा शब्द परक्या नायकाला आपलेसे करून गेला.

वेताळाच्या अंगी अतिमानवी शक्ती नव्हती. पित्याचा मुखवटा पुत्र चढवी आणि म्हणून जंगलवासी त्याला अमर मानत. प्रत्यक्षात तो एकविसाव्या पिढीतला मर्त्य माणूस होता. हे गुपित वाचकाला ठाऊक असे. वाचनाची गोडी त्यातच होती.

'इंद्रजाल' १९९० मध्ये बंद पडले. एप्रिल २०१९ मध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ व तेलुगूत प्रदर्शित झाला, मराठीत नाही. पडद्यावरची भव्यता वाढली, हे निर्विवाद. मात्र मुलांशी त्यांच्या भाषेत बोलणारा महानायक मागेच राहिला.