कढणात काय उतरतं?

पावसाळ्यात घरात कुणी ना कुणी आजारी पडतंच. मग कुळीथ शिजायला पडतात. देशावर त्यांना हुलगे म्हणतात. शिजलेल्या कुळथांवरचं पाणी गाळून घ्यायचं, त्यात मीठ आणि आमसूल घालायचं, वर तूप-जिऱ्याची फोडणी द्यायची. झालं कढण. वाटीभर गरम कढण पोटात गेलं की आजाऱ्याला बरं वाटतं. चाळणीत राहिलेल्या कुळथांची उसळ होते आणि ती घरातली धडधाकट माणसं खातात.

या वाटणीमागे एक समजूत आहे. धान्याचा सगळा कस पाण्यात उतरला आणि मागे उरला तो चोथा, असं आपण मानतो. याच समजुतीने लहान बाळाला वरणाऐवजी वरणावरचं पाणी भरवलं जातं. ही समजूत फक्त आपल्याकडचीच नाही. युरोपातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही ती अनेक वर्षं बाळगली होती. ती तपासून पाहायला जवळजवळ सव्वादोनशे वर्षं लागली. त्याचीच ही गोष्ट.

हाडं मऊ करणारं भांडं

देनी पापँ हा फ्रेंच तरुण १६७५ साली लंडनला आला आणि रॉबर्ट बॉइलच्या हाताखाली काम करू लागला. १६७९ साली त्याने रॉयल सोसायटीपुढे एक भांडं सादर केलं. जाड धातूचं, घट्ट झाकणाचं. वाफ कोंडली की भांड्यातला दाब वाढतो आणि दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. दाब वातावरणाच्या दुप्पट झाला तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सियसला उकळतं. वाफेने भांडं फुटू नये म्हणून पापँने त्याला सुरक्षा-झडपही बसवली. आपल्या घरातल्या प्रेशर कुकरचा हा पूर्वज.

पण पापँला डाळ-भात शिजवायचा नव्हता. त्याला हाडं शिजवायची होती. १६८२ साली सोसायटीच्या सभासदांनी या भांड्यात शिजवलेल्या पदार्थांचं जेवण घेतलं. जॉन एव्हलिन याने आपल्या रोजनिशीत त्याचं वर्णन केलं आहे. बैलाची आणि मेंढीची हाडं चीजसारखी मऊ झाली होती. फेकून द्यायच्या हाडांतून घट्ट, चविष्ट रस निघत होता. हाडातल्या कोलॅजन या प्रथिनाचं गरम पाण्यात जिलेटिन होतं आणि थंड झाल्यावर ते थिजतं. त्या काळी हे कुणाला ठाऊक नव्हतं. दिसत होतं ते एवढंच, की हाडातलं काहीतरी पाण्यात उतरतं आणि त्याने पाणी दाट होतं. दाट म्हणजे कसदार, असं मानणं साहजिक होतं.

रम्फर्डची खिमट

काउंट रम्फर्ड आपल्याला उष्णतेच्या धड्यात भेटतो. तोफा कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरून, उष्णता हा पदार्थ नाही असं त्याने १७९८ साली मांडलं. त्या वेळी तो म्युनिकमध्ये बव्हेरियाच्या इलेक्टरच्या चाकरीत होता. १ जानेवारी १७९० रोजी त्याने शहरातल्या भिकाऱ्यांना एकदम पकडून कामघरात आणलं. आता त्या सगळ्यांना रोज जेवू घालायचं होतं आणि तेही कमीत कमी खर्चात.

त्याने वेगवेगळ्या पाककृती करून पाहिल्या. शेवटी सातू, वाळलेले वाटाणे, मीठ आणि व्हिनेगर यांचं सूप ठरलं. पुढे त्यात बटाटेही आले. हे सगळं मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचं, म्हणजे आपल्याकडच्या खिमटीसारखं मिळून येतं. वर शिळ्या पावाचे तुकडे टाकायचे. ते चावावे लागतात, त्यामुळे जेवण लांबतं आणि जेवल्याचं समाधान मिळतं, असं रम्फर्डचं निरीक्षण होतं.

इतक्या थोड्या धान्यात माणसाचं पोट भरतं, याचंच त्याला नवल वाटलं. याचं कारण काय असावं? पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे, हे नुकतंच कळलं होतं. तेव्हा शिजताना आणि पचताना पाणीच अन्नाचं काम करत असलं पाहिजे, असा तर्क त्याने केला. तर्क काळाला धरून होता, पण चुकीचा होता. पोट भरणं आणि पोषण होणं या दोन गोष्टी त्याने एकच धरल्या. त्याच्या सूपाने लोक जगले ते सातू आणि वाटाण्यांमुळे. पाण्याने फक्त पोट तुडुंब भरलं.

कुत्र्यांनी दिलेलं उत्तर

पापँचं हाडांचं पाणी आणि रम्फर्डची स्वस्ताई फ्रान्समध्ये एकत्र आली. दार्से या रसायनशास्त्रज्ञाने हाडांतून जिलेटिन काढण्याच्या पद्धती सुधारल्या. १८२९ पासून पॅरिसच्या सेंट-लुई इस्पितळात त्याच्या यंत्रातून वाफेने काढलेलं जिलेटिनचं सूप रुग्णांना मिळू लागलं. मांसाची बचत होत होती, कारभारी खूश होते. पण काही डॉक्टरांना शंका आली. या सूपावर रुग्णांचं खरंच पोषण होतं का?

१८३१ साली फ्रेंच विज्ञान अकादमीने चौकशी-समिती नेमली. शरीरशास्त्रज्ञ फ्रांस्वा माजांदी हा तिचा प्रमुख आवाज होता. १८१६ साली त्याने कुत्र्यांना नुसती साखर आणि पाणी देऊन पाहिलं होतं. कुत्री महिन्याभरात मेली. तीच रीत त्याने जिलेटिनसाठी वापरली. समितीचं काम दहा वर्षं चाललं आणि अहवाल १८४१ साली आला. नुसत्या जिलेटिनवर कुत्री जगत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. बरीच कुत्री थोड्याच दिवसांत ते खायचंच नाकारत.

आणखीही एक गोष्ट दिसली. अंड्यातलं अल्ब्युमिन किंवा रक्तातलं फायब्रिन शुद्ध करून नुसतं दिलं, तरी तेही पुरत नव्हतं. म्हणजे एकच एक शुद्ध पदार्थ, मग तो कितीही कसदार म्हटला जात असो, सजीवाला पुरा पडत नाही. का पुरत नाही, हे माजांदीला सांगता आलं नाही. पण प्रश्न पडल्यावर तो अंदाजाने न सोडवता आहार बदलून तपासायचा, ही वाट त्याने घालून दिली. पोषणशास्त्राचा मोठा भाग पुढे याच वाटेने गेला. या प्रयोगांत कुत्र्यांचे हाल झाले, हेही विसरून चालणार नाही. मात्र इस्पितळातल्या गरीब रुग्णांवर हाच प्रयोग त्यांच्या नकळत, आणि कसलीही मोजमापं न घेता, आधीच सुरू झाला होता.

डब्लिनची कढई

अहवाल येऊन सहा वर्षं झाली नव्हती, तोच सूपाचा प्रश्न लाखोंच्या जिवाशी येऊन भिडला. आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडून भयंकर दुष्काळ आला. लंडनच्या रिफॉर्म क्लबचा प्रसिद्ध आचारी अलेक्सिस सॉये याने स्वस्त सूप तयार केलं आणि एप्रिल १८४७ मध्ये डब्लिनला नमुन्याचं सूपगृह उघडलं. त्याच्या एका पाककृतीत दोन गॅलन, म्हणजे सुमारे ९ लिटर पाण्याला पाव पौंड (सुमारे ११३ ग्रॅम) मांस होतं. शिवाय अर्धा पौंड पीठ, अर्धा पौंड सातू, थोडी चरबी, कांदा आणि भाज्या. दिवसातून एकदा पोटभर सूप आणि जोडीला एक बिस्किट एवढ्यावर धडधाकट माणसाची ताकद टिकेल, असा सॉयेचा दावा होता.

आपण ढोबळ हिशोब करून पाहू. या सगळ्या जिनसांची ऊर्जा मिळून जवळपास २३०० किलोकॅलरी होते. ती आठ वाटण्यांत वाटली तर प्रत्येकाला सुमारे १.१ लिटर सूप मिळतं. त्यात ३०० पेक्षा कमी किलोकॅलरी आणि ९ ग्रॅमच्या आसपास प्रथिन. कष्टाच्या माणसाला दिवसाला २००० हून कितीतरी अधिक किलोकॅलरी लागतात. त्या काळी कॅलरीचा हिशोब नव्हता, तरीही ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने या सूपावर कडक टीका केली.

इथे घाईने निष्कर्ष काढायला नको. सरकारी सूपगृहांतून त्या उन्हाळ्यात रोज सुमारे ३० लाख लोकांना अन्न मिळत होतं आणि त्याने असंख्य जीव वाचले. कारण पुष्कळ ठिकाणी ‘सूप’ या नावाखाली मका, तांदूळ आणि ओटच्या पिठाची घट्ट लापशी दिली जात होती. जिथे ती पातळ होती, तिथे लोक खंगत राहिले. शरद ऋतूपर्यंत सूपगृहं बंद केली गेली, दुष्काळ मात्र संपला नव्हता. सूप वाईट नव्हतं. प्रश्न त्यात किती पीठ आहे, हा होता.

चव वेगळी, कस वेगळा

माजांदीच्या कोड्याचं उत्तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिळालं. १९०१ साली केंब्रिजमध्ये फ्रेडरिक गोलँड हॉपकिन्स आणि सिडनी कोल यांनी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल वेगळं केलं. १९०६ साली एडिथ विलकॉक आणि हॉपकिन्स यांनी उंदरांना मक्यातलं झीन हे एकच प्रथिन दिलं. उंदीर लवकर मेले. त्यात ट्रिप्टोफॅन मिसळल्यावर ते जास्त दिवस जगले. झीनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतं. जिलेटिनमध्येही ते नसतं. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. त्यांतली काही शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. त्यांतलं एक जरी नसलं तरी बाकीच्यांचा पुरा उपयोग होत नाही. सेंट-लुईच्या सूपातली उणीव ती हीच.

जवळपास त्याच सुमारास दुसरा उलगडा जपानमध्ये झाला. तिथल्या घरोघरी सूपाला आणि शेवयांच्या रश्शाला ‘दाशी’ हा पातळ अर्क लागतो. तो बहुधा कोंबू या समुद्रशेवाळाचा असतो. टोकियोच्या विद्यापीठातले किकुनाए इकेदा यांना त्याच्या खास चवीचं कारण शोधायचं होतं. १९०८ साली त्यांनी कोंबूतून ग्लुटामिक आम्ल वेगळं केलं आणि त्या चवीला ‘उमामी’ असं नाव दिलं. साधं, सकस पण बेचव अन्न रुचकर करता यावं, हा त्यांचा एक हेतू होता. गरम रस्सा ‘अंगी लागतो’ असं वाटण्यामागे या चवीचा मोठा हात असतो. पण चव हा निरोप आहे, प्रत्यक्ष माल नव्हे. इथे अन्न आहे, एवढंच जीभ सांगते. ते किती आहे, हे तिला कळत नाही.

याच फरकावर एका ओळखीच्या नावाचा इतिहास उभा आहे. स्वित्झर्लंडमधल्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना स्वयंपाकाला वेळ मिळत नसे आणि त्यांच्या घरी खाण्याची आबाळ होई. फ्रीडोलिन शूलर या डॉक्टरने कडधान्यांचं पीठ वापरण्याचा आग्रह धरला. युलियुस मॅगी या गिरणीवाल्याने ते काम अंगावर घेतलं आणि १८८६ साली वाटाणा-घेवड्याच्या पिठांची तयार सूपं बाजारात आणली. १९०८ साली त्याच्या नावाची सूपाची वडीही आली, पण ती मुख्यतः मीठ आणि चव यांची. १९८० च्या दशकात हेच नाव भारतात मैद्याच्या शेवया आणि मसाल्याच्या पुडीवर आलं. सुरुवात झाली होती ती कडधान्याच्या प्रथिनापासून.

पुन्हा आपल्या चुलीपाशी

तर मग कढण निरुपयोगी का? मुळीच नाही. तापात आणि जुलाबात शरीरातलं पाणी आणि क्षार कमी होतात. मीठ घातलेलं कढण किंवा तांदळाची पेज ते भरून काढायला मदत करते. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो रुग्ण वाचवले. आजाऱ्याला पातळ पदार्थ द्यावा, यामागे खरं शहाणपण आहे. चूक होते ती त्याला जेवणाची जागा दिली की.

ही चूक सर्वांत महाग पडते ती बाळाला. आठ किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे पाव लिटर मावतं. ती जागा वरणाच्या पाण्याने भरली, तर बाळ शांत होतं, आईला समाधान वाटतं आणि बाळाचं वजन मात्र वाढत नाही. म्हणून सहा महिन्यांनंतर बाळाला चमच्यातून ओघळणार नाही इतका घट्ट, मऊ वरण-भात तुपाची धार घालून द्यावा, असं आहारतज्ज्ञ सांगतात. भातात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते भात पुरवतो. अट एकच, डाळ ताटात यायला हवी.

आपल्या परंपरेत याचं उत्तरही आहे. हुलग्याचं माडगं आणि कोकणातली कुळथाची पिठी हेसुद्धा गरम, पातळ, जीव सुखावणारे पदार्थ आहेत. पण त्यांत गाळणं नाही. हुलग्याचं पीठच त्यांत शिजतं. पिणाऱ्याला ऊबही मिळते आणि कसही.

वर्गात करून पाहू

५० ग्रॅम कुळीथ मोजून रात्रभर भिजवा आणि त्याच पाण्यात मऊ शिजवा. मीठ घालू नका. पाणी गाळून एकूण किती मिलिलिटर भरलं ते मोजा. त्यातलं १०० मिलिलिटर वजन केलेल्या ताटलीत घेऊन मंद आचेवर पूर्ण आटवा आणि ताटली पुन्हा तोला. त्यावरून सगळ्या कढणात किती घन पदार्थ उतरला, ते मुलांना काढू द्या. चमचाभर पाण्यात आयोडीनचा थेंब टाकून पिष्ट उतरलं का, तेही पाहा.

तोलण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहून ठेवावा. अंदाज चुकला तर वाईट वाटून घेऊ नये. रम्फर्डचाही चुकला होता. मुलं हा आकडा घरी सांगतील. एखाद्या घरी वरणावरच्या पाण्याऐवजी वरणच बाळाच्या वाटीत पडलं, तरी तास सार्थकी लागला.