कुळांचा शोध आणि नदीपलीकडचे गाव

आपल्या सारस्वत ज्ञातीतील घराण्यांच्या ज्या वंशावळी स्मरणिकांतून व कुलवृत्तांतांतून प्रसिद्ध होतात, त्या वाचताना एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. प्रारंभी गोत्र व कुलदेवता यांचा आदरपूर्वक उल्लेख असतो. पाठोपाठ परशुरामाने त्रिहोत्राहून दहा ऋषी आणल्याची सह्याद्रिखंडातील कथा येते. आणि त्यानंतर एकदम आपले पणजोबा कारवारास किंवा मालवणास वकिली करीत असल्याचे वाचावयास मिळते. मधली तीन-साडेतीन शतके कोठे गेली, या प्रश्नाचे उत्तर नसते. पुराणाबद्दल आम्हांस अनादर नाही. परंतु पुराणातील मूळ पुरुष आणि पणजोबा यांच्यामध्ये जी माणसे जगली, ज्यांनी घरेदारे टाकली, देव डोक्यावर घेऊन नद्या ओलांडल्या, त्यांची नावे शोधून काढणे हे कुलवृत्तांताचे खरे काम होय. ती नावे पुष्कळदा सापडतात. मात्र आपण शोधतो तेथे ती नसतात. ती शेजारच्या महालात असतात.

याचे कारण इतिहासात आहे. गोव्यातील तीसवाडी बेट पोर्तुगीजांनी १५१० साली घेतले. सासष्टी व बारदेश हे महाल १५४३ साली त्यांच्या ताब्यात गेले. नदीपलीकडचा अंत्रूज, म्हणजे फोंडे महाल, मात्र आदिलशाहीतच राहिला व पुढे अनेक राजवटींतून जाऊन १७६३ साली पोर्तुगिजांकडे आला. डिचोली, सत्तरी व पेडणे हे महाल त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत गेले. या दोन कालखंडांमधल्या दोनशेहून अधिक वर्षांत, ज्याला आपण आज गोवा म्हणून एक प्रदेश समजतो, त्याच्या मधून दोन राज्यांची सीमा वाहत होती, आणि ती सीमा म्हणजे बहुतेक ठिकाणी नदी किंवा खाडी होती. १५४० च्या सुमारास तीसवाडीतील आणि १५६७ च्या सुमारास सासष्टीतील देवळे पाडली गेली. १५५९ च्या कायद्यान्वये पोरकी झालेली हिंदूंची मुले मिशनऱ्यांच्या हवाली करावयाची ठरली. आमच्या मते देवळांच्या विध्वंसाइतकाच, किंबहुना काही घरांच्या बाबतीत त्याहून अधिक, या कायद्याने लोकांना बाहेर काढले. देव गेला तर तो पलीकडे नेऊन स्थापिता येतो. पोर गेले तर कूळ संपते.

कुशस्थळीचा म्हणजे कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली प्रियोळास आला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ व कोलव्याची महालक्ष्मी बांदिवड्यास, दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्यास. हे स्थलांतर आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. जत्रेला जाणाऱ्या मुलांनाही ते सांगितले जाते. मात्र त्यातून संशोधकासाठी जो अर्थ निघतो तो क्वचितच कोणी लक्षात घेतो. तो असा की, एका घराण्याचे कागद दोन तीरांवर विभागले गेले. जमिनीचे कागद अलीकडे राहिले आणि देवाचे कागद पलीकडे गेले. यांपैकी एकाच तीरावर बसून वंशावळ लिहू पाहणारास अर्धे घराणेच दिसावयाचे.

प्रथम जमिनीकडे पाहू. गोव्यातील गाव हा गांवकरीचा असे. मूळ वसाहत करणारी जी कुळे, ती वांगडांत विभागलेली असत. गावाची जमीन सामाईक, आणि गावसभेत प्रत्येक वांगडाचा आवाज स्वतंत्र. कोणत्या वांगडाने प्रथम बोलावे, विडा प्रथम कोणास द्यावा, शेताची कापणी कोणी आधी सुरू करावी, हे मानपान ठरलेले असत. पोर्तुगिजांनी देवळे पाडली तरी ही व्यवस्था त्यांस मोडता आली नाही, कारण महसूल तिच्यातूनच येत होता. म्हणून १५२६ साली आफोंसो मेशिय याने गांवकऱ्यांचे रीतिरिवाज लिहवून घेऊन तो लेख प्रमाण केला. १५९५ साली फ्रांसिश्कु पाइश याने जमिनींची मोठी नोंद तयार केली. १५६७ च्या सासष्टीच्या नोंदीत तर गावोगावच्या देवळांच्या जमिनी उतरवून घेतलेल्या आहेत. ज्यांनी देवळे पाडली त्यांच्याच दप्तरात त्या देवळांची सर्वांत विश्वसनीय यादी टिकून राहिली, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

गांवकरीच्या उत्पन्नाचा जो वाटा गांवकारास मिळे त्यास जोण म्हणतात. मुलगा ठराविक वयाचा झाला की बापाच्या नावासह त्याची नोंद होऊन त्यास जोण सुरू होई. हे वय गावागणिक निराळे. वंशावळ लिहिणारास याहून उत्तम साधन दुसरे नाही. लग्नमुंजीच्या आठवणी चुकतात, पोथीच्या मागील पानावरच्या नोंदी वाळवी खाते. पण पैसा मिळावयाचा असतो तेथे बाप कोण व मुलगा कोण हे कोणी सहसा चुकू देत नाही. १९६१ च्या संहितेनुसार या संस्था पुढेही चालू राहिल्या, आणि जुन्या वह्यांपैकी पुष्कळ आज पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. हे दप्तरखाने १५९५ साली स्थापन झाले व इतिहासकार दियोगु दु कोउतु हा त्याचा पहिला रक्षक होता. विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकर यांनी तीस वर्षे ते सांभाळले; मराठी वाचकास पोर्तुगीज कागदांची गोडी लागली ती मुख्यतः त्यांच्यामुळेच.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे, कारण उत्साही तरुण मंडळी तिच्यामुळे पहिल्याच दिवशी निराश होऊन परततात. लोटलीच्या कागदांत लोटलीकर सापडत नाहीत. बोरीच्या कागदांत बोरकर शोधू नयेत. गावात राहणाराला गावाचे नाव कोण लावील? ते आडनाव गाव सोडल्यानंतर, दुसऱ्या मुलुखातल्या लोकांनी दिलेले असते. म्हणजे आडनाव आपणांस कोठून निघालो एवढेच सांगते. गावच्या नोंदीत तेच लोक प्रभू, नायक, कामत, शेणई, पै अशा उपपदांनी येतात, आणि तीही पोर्तुगीज कारकुनाच्या कानाला जशी लागली तशी: शेणईचे सिनाय, प्रभूचे पोरोबो, कामतीचे कामोती. एकाच पानावर दहा सिनाय असले तर आपला कोणता, हे ठरवावयास वांगड, बापाचे नाव आणि शेताचे नाव ही तिन्ही जुळली पाहिजेत. (शेणवी हा शब्द सहासष्ट आणि तीस मिळून शहाण्णव गावांवरून आला, ही व्युत्पत्ती आपल्या मंडळींत फार आवडती आहे. ऐकावयास गोड असली तरी तिच्यावर वंशावळीचा एकही टाका घालू नये.)

आता देवाकडचे कागद. नदीपलीकडच्या देवस्थानांचा कारभार महाजनांकडे आला, आणि १९३३ च्या नियमावलीखाली प्रत्येक देवस्थानाने महाजन कुटुंबांची यादी ठेवावयाची झाली. या यादीत आडनाव, शाखा आणि पुष्कळदा ते कुटुंब कोठे वास्तव्य करते हे आढळते. मुंबई, कुमठे, बेळगाव, कोची येथे विखुरलेल्या शाखा एकाच मुळाच्या आहेत हे प्रथम येथेच उघड होते. याहून जुने कागद हवे असल्यास आणखी दूर जावे लागते. शाहू महाराजांच्या दरबारातील नारो राम मंत्री हे वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचे रेगे. कवळ्याच्या देवालयाचे वैभव त्यांच्या प्रयत्नाने वाढले. मंगेशीचे गाव देवास १७३९ साली मिळाले ते रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या शब्दामुळे. तेव्हा फोंडे महालातील देवस्थानाच्या इनामाचा उगम पुण्याच्या पेशवे दप्तरात शोधावा लागतो, हे ऐकून कोणी चकित होऊ नये. फोंड्यावर १७६३ पूर्वी सोंद्याच्या राजांचा अंमल होता. पेडणे व डिचोली सावंतवाडीकरांकडे होती. उत्तर कानडा जिल्हा १८६२ पर्यंत मद्रास इलाख्यात होता, म्हणून कारवार, अंकोले, कुमठे येथील घराण्यांचे त्याआधीचे सरकारी कागद मद्रासच्या दप्तरांत गेले. पोर्तुगीज, मोडी, कानडी व इंग्रजी अशा चार प्रकारच्या कागदांचा हा खटाटोप एका माणसाच्या आवाक्यातला नव्हे. घरातील चारपाच जणांनी तो वाटून घ्यावा.

समजा, कुमठ्याच्या एका लोटलीकर घराण्यास आपला माग काढावयाचा आहे आणि त्यांचा कुलदेव रामनाथ आहे. त्यांनी प्रथम बांदिवड्यास महाजनांची यादी पाहावी, तेथून आपली शाखा ठरवावी, आणि मग नदी ओलांडून लोटलीस जावे. तेथे दप्तर पाहण्यापूर्वी माणसांस भेटावे, हा आमचा आग्रह आहे. अमक्याचे भाट, तमक्याची शेते, ही नावे मालक बदलले तरी बदलत नाहीत. माडांच्या बागेस चारशे वर्षांपूर्वी पळून गेलेल्या माणसाचे नाव चिकटून राहिलेले असते, आणि ते गावातील वृद्ध मुंडकारास ठाऊक असते. त्याच गावात त्यांस कदाचित असेही कळेल की, आपल्या वांगडाची जोण खाणारे एक कुटुंब अद्याप तेथे आहे आणि ते ख्रिस्ती आहे.

वस्तुतः यात नवल काहीच नाही. सगळे भाऊ नदी ओलांडून गेले नाहीत. ज्याच्याकडे जमीन राखावयाची होती, ज्याची आई आजारी होती, ज्याला उशीर झाला, तो मागे राहिला व बाटला. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यास धर्मपित्याचे आडनाव मिळाले. सख्खे भाऊ निरनिराळ्या दिवशी बाटले तर त्यांची आडनावेही निरनिराळी झाली. नावावरून नाते ओळखणे अशक्य झाले, पण वांगडाने ते राखले. धर्म बदलला म्हणून गांवकारपण गेले नाही. कुंकळ्ळीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथील गांवकार आपल्या ज्ञातीचे नव्हेत, तरी दाखला मोलाचा आहे. १५८३ च्या रक्तपातानंतर त्यांची शांतादुर्गा फातर्प्यास गेली. आणि देवीच्या उत्सवात बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात तेव्हा ख्रिस्ती गांवकारही आपल्या वांगडाच्या मानाने त्यात सहभागी होतात.

कुलवृत्तांत सिद्ध करणाऱ्या मंडळींपुढे हा प्रश्न आला की बैठकीत शांतता पसरते. ती शाखा छापावी की न छापावी? छापू नये असे म्हणणारांचा हेतू वाईट नसतो. वडीलधाऱ्यांस वाईट वाटेल, सोयरिकी जुळविताना कोणी बोट दाखवील, एवढीच त्यांची भीती असते. आम्हांस ही भूमिका मान्य नाही. ज्यांनी सोळाव्या शतकात एकमेकांचा निरोप घेतला त्यांनी आपापल्या वाटा आनंदाने निवडल्या नव्हत्या, आणि वांगडाच्या वहीत ज्या दोघांची नावे एकाखाली एक आहेत त्यांतले एक खोडण्याचा अधिकार आजच्या कार्यकारी मंडळास कोणी दिला? शिवाय पुष्कळ ठिकाणी पळून गेलेल्या भावाचे नाव टिकले ते मागे राहिलेल्या भावाच्या वारसांनी आपला वाटा सिद्ध करण्यासाठी ते सांगितले म्हणूनच. हेच स्त्रियांविषयी म्हणावे लागेल. वंशवृक्षात आपण सुनांची माहेरे लिहीत नाही. परंतु देव आणि मुले पलीकडे नेल्यावर या कुटुंबांस आश्रय बहुधा सोयऱ्यांच्या गावीच मिळाला असावा. माहेरांची गावे लिहून ठेविल्यास स्थलांतराची वाट आपोआप नकाशावर उमटेल. दत्तकांची नावेही सरळ ‘दत्तक’ म्हणून लिहावीत.

एका गोष्टीची मात्र घाई केली पाहिजे. १९६४ च्या गोव्यातील कूळ कायद्यानंतर जमिनी कसणाऱ्यांकडे गेल्या. ते न्याय्यच झाले, पण जमीन गेल्यावर तिच्या कागदांचे काय करावयाचे, असे म्हणून कित्येक घरांतील पेट्या रद्दीत गेल्या. त्या पेट्यांत खंडाच्या पावत्यांबरोबर घरभाऊपणाचे तंटे, वाटण्यांचे कागद आणि मोडीतील पत्रे असत. ज्या घरांत असा एखादा पेटारा अद्याप माळ्यावर असेल, त्यांनी तो खाली काढून कागद एकेक करून उन्हात न घालता सावलीत वारा द्यावा, क्रम न मोडता त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि मोडी वाचणाऱ्याकडे न्यावीत. कारण कागद कोणत्या कागदाशेजारी होता, यावरूनही पुष्कळ कळते.

आणि काहीच हाती नसेल त्यांनी नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीपासून आरंभ करावा. पूर्वज यात्रेस आल्याची नोंद तेथे स्वहस्ताक्षरात मिळू शकते, बरोबर आलेल्या भावांची व मुलांची नावेही असतात. उपाध्याय प्रथम नाव विचारतात, आणि लगेच दुसरा प्रश्न करतात तो गाव कोणते हा. त्या वेळी आज राहतो ते गाव सांगू नये; पणजोबांचे सांगावे, आणि तेथे काही न निघाल्यास त्याच्या शेजारचे.