गवारीची शेंग आणि स्लाईम

स्लाईम म्हटलं की पोरांना पांढरा गोंद आणि टाकणखार आठवतो. पण 1976 साली अमेरिकेत मॅटेल कंपनीने प्लॅस्टिकच्या इवल्याशा कचरापेटीत भरून जे हिरवं स्लाईम विकायला आणलं, त्यात हा गोंद नव्हताच. त्यात होता गवारीचा डिंक!

हो, तीच गवार. आमच्या आष्टीला (बीडचं नव्हे, वर्धा जिल्ह्यातलं, 1942 च्या हुतात्म्यांचं) भाजीला आणतात ती. कोवळी शेंग आपण खातो, जून निघाली की नाक मुरडतो. डिंक मात्र पक्व बियांतून निघतो.

हा डिंक म्हणजे साखरेचे शेकडो-हजारो रेणू जोडून झालेली लांब साखळी, म्हणजेच पॉलिमर. पाण्यात साखळ्या फुगतात, पाणी दाट होतं, पण साखळ्या एकमेकींवरून घसरत राहतात. टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, घातला की त्यातले बोरेट शेजारच्या साखळ्यांना धरून ठेवतात. गंमत म्हणजे ही पकड कायमची नसते. सुटते, पुन्हा जुळते. म्हणून स्लाईम हळू ओढलं तर ताणतं आणि हिसका दिला तर तुटतं. पांढऱ्या गोंदात साखळी कारखान्यातली, टाकणखाराचं काम तेच. (तो पोटात जाऊ देऊ नका, एवढं सांभाळा.)

आता यातलं राजकारण बघा. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या कॅरोबच्या डिंकाची टंचाई झाली. अमेरिकेतल्या कागद कारखान्यांना पर्याय हवा होता, तो गवारीत सापडला. पुढे खडक फोडून तेल आणि वायू काढताना वाळू खोलवर वाहून न्यायला दाट द्रव लागला. तिथेही गवार डिंक आणि बोरेट. म्हणजे थोडक्यात स्लाईमच!

जगातली बहुतेक गवार भारतात पिकते, त्यातही राजस्थानात. 2011-12 मध्ये तेल कंपन्यांची मागणी वाढली आणि भाव कित्येक पटींनी चढले. इतके, की मार्च 2012 मध्ये सरकारी नियामकाने गवारीचे वायदे बंद केले. मे 2013 मध्ये ते पुन्हा सुरू झाले. पण नंतर भाव कोसळले, आणि तेजी बघून उशिरा पेरलेल्यांच्या हाती फारसं काही उरलं नाही.

आमच्याकडच्या कापूसवाल्यांना यात नवल वाटणार नाही. कापूससुद्धा साखरेच्या रेणूंची साखळीच. ती आपल्या मातीत तयार होते, तिची किंमत मात्र दूरच्या बाजाराकडे बघून हलते. बोरेटसारखं शेजाऱ्याला धरून ठेवणारं काहीतरी शेतकऱ्यांमध्येही हवं, नाही का?