क्रोन्स की टीबी? शंभर वर्षांचा घोळ

१९१३ साली ग्लासगोचे सर्जन केनेडी डॅल्झिएल यांनी आतड्याच्या एका विचित्र आजाराबद्दल लिहिले. आतडे सुजून जाड झालेले, सूक्ष्मदर्शकाखाली चित्र टीबीसारखे. पण टीबीचे जंतू काही सापडेनात! वर्षभरात महायुद्ध पेटले आणि त्यांचा लेख मागे पडला.

१९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी असेच १४ रुग्ण मांडले. नावे वर्णानुक्रमे छापली, म्हणून आजार क्रोन यांच्या नावावर गेला. (गिन्झबर्ग यांना काय वाटले असेल?) आजार लहान आतड्याच्या शेवटच्या भागापुरताच आहे, असा त्यांचा समज होता. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, सांधे, डोळे, त्वचेलाही त्रास देतो, हे पुढे कळले.

आपल्याकडे टीबी अजून भरपूर, त्यामुळे डॅल्झिएल यांचा पेच आजही रोजचा आहे. पोटदुखी, ताप, वजन घटणे दोन्हींत असते. बायोप्सीत जंतू दिसले तर टीबी नक्की, पण अनेकदा ते दिसतच नाहीत. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर लपलेला टीबी भडकतो. टीबी समजून नुसत्या त्याच्याच गोळ्या चालू ठेवल्या तर क्रोन्सने आतडे आकसत जाते.

म्हणून टीबीची औषधे सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टर पुन्हा कोलोनोस्कोपी सांगतात. बरे वाटतेय म्हणून ती टाळू नका. आतल्या जखमा भरल्या नसतील, तर निदान नव्याने तपासावे लागते.