अपडेट आलंय की बसलंय? २०१७ ची एक गोष्ट

नवी पेठेत कुठल्याही दुकानात बिलिंगच्या कॉम्प्युटरबद्दल विचारा, "अपडेट केलंय का?" उत्तर ठरलेलं: "होय की, आपोआप होतंय ते." होतंय का, हे मात्र कुणी बघत नाही. ही सवय किती महागात पडते, ते २०१७ साली जगानं बघितलं.

१४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधली एक मोठी फट बुजवणारं अपडेट दिलं. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावरची फाइल उघडता येते ना, त्याच सोयीत ही फट होती. महिन्याभरात तिच्यातून घुसायचं हत्यार इंटरनेटवर उघडं पडलं. १२ मे ला 'वॉनाक्राय' आला. फाइलींना कुलूप लावायचं आणि खंडणी मागायची, हा त्याचा धंदा. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांना पेशंट परत पाठवावे लागले. इलाज मात्र ५९ दिवस आधीच फुकट मिळत होता! सगळे जुन्या एक्सपीला शिव्या देत होते. प्रत्यक्षात बाधित मशिनींत बहुतेक विंडोज ७ होत्या. अपडेट आलेलं होतं, बसलेलं नव्हतं.

तरी सगळे शहाणे झाले नाहीत. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला आणि महाराष्ट्राच्या दारात पोचला. न्हावा शेवा म्हणजे जेएनपीटी, त्या वेळी देशातलं सर्वात मोठं कंटेनर बंदर. तिथलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनर अडकून पडले. मर्स्कला जगभरात ४५ हजार कॉम्प्युटर नव्यानं उभे करावे लागले. या व्हायरसनं तीच मार्चची फट वापरली होती. शिवाय चोरलेले पासवर्ड वापरून तो अपडेट केलेल्या मशिनींतही शिरत होता. म्हणजे अपडेट हे दाराचं एक कुलूप. पण तेवढंही न लावणं हा निव्वळ हलगर्जीपणा.

मग तपासायचं कसं? दहा मशिनी एकेक उघडून बघायला वेळ कुणाला आहे? म्हणून आयटीवाल्यांनी स्क्रिप्ट लिहिल्या. पॉवरशेलमध्ये 'गेट-हॉटफिक्स' म्हटलं की बसलेल्या अपडेटची यादी नंबर आणि तारखेसकट समोर येते. मशिनींच्या नावांची यादी दिली की स्क्रिप्ट नेटवर्कवरून एकेकीला विचारत जाते.

इथंही एक मेख होती. मार्चच्या अपडेटचा नंबर यादीत नाही म्हणून लोक घाबरायचे. पण एप्रिल-मे च्या एकत्रित अपडेटमध्ये तीच दुरुस्ती वेगळ्या नंबरानं आलेली असायची. शेवटी मायक्रोसॉफ्टनं स्वतःच तपासणीची रीत आणि स्क्रिप्ट प्रसिद्ध केली. त्यात नंबराऐवजी 'एसआरव्ही डॉट सिस' या फाइलची आवृत्ती बघितली जायची. पावती शोधू नका, माल आलाय का बघा. हे आपल्या पेठेतल्या व्यापाऱ्याला वेगळं सांगायला नको.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. मुदतवाढीची नोंदणी केली नसेल तर त्या मशिनीला नवी सुरक्षा अपडेट येत नाहीत, आणि "आपोआप होतंय" म्हणणाऱ्याला ते कळणारही नाही.

तेव्हा आज दुकान बंद करताना पाच मिनिटं काढा. आपल्या कॉम्प्युटरवाल्याला यादी काढायला सांगा आणि शेवटच्या अपडेटची तारीख बघा. दोन-चार महिने जुनी असेल, तर उद्याचं पहिलं काम तेच. संध्याकाळी गल्ला मोजल्याशिवाय शटर ओढत नाही ना आपण? मग हे पण मोजा.